मधलं पाणी

पिठाच्या गोळीवर बोटाचा ठसा उमटलेला — रेघा, रेघांत रेघा, आणि मधोमध गळाचं टोक जेमतेम बुडालेलं.

हळदीनं पिवळं पडलेलं अंगठ्याचं नख.

वसमतच्या स्टँडवर उभी असलेली बस. इंजिन सुरू, पत्रे थरथरतायत, ड्रायव्हरची जागा रिकामी.

दीक्षा लहानपणी विचारायची : मासे झोपले की खाली पडत नाहीत का, मम्मी?

माणूस भिंतीकडे तोंड करून निजला की त्याची पाठ केवढी मोठी दिसते.

ऊन.

यातलं आत्ताचं काय आणि मागचं काय, हे चांगुणाला नीटसं वेगळं करता येत नव्हतं. गोळी तेवढी आत्ताची होती, कारण ती बोटांत होती आणि बोटं ओली होती. आणि पलीकडं, तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला, जळबा होता — तोही आत्ताचाच, म्हणजे बसलेला तरी दिसत होता, पाठमोरा, गुडघे पोटाशी घेऊन. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याचा ऐन मध्य. कुठल्याही काठाकडं पाहिलं तरी तो सारखाच लांब. थर्माकोलच्या जाड लाद्या, त्यांना जुन्या जाळ्याचा आवळ, वर बांबूच्या कामट्या, असा हा तराफा. त्यावर एक माणूस हलला की दुसऱ्याची बाजू आपोआप वर नाहीतर खाली जाते. त्यामुळं जळबाकडं न बघताही तिला तो कळायचा. त्यानं पाय बदलला, खोकला आवरला, नुसता मोठा श्वास घेतला, तरी तिच्या बुडाखाली ते यायचं. हिवाळ्यापासून ती बुडानंच त्याच्यावर नजर ठेवून होती. हे कुणाला सांगितलं तर हसतील. तिलाही कधी कधी हसू यायचं, आणि आलं की ते तोंडापर्यंत न येता मध्येच कुठंतरी थांबायचं.

बायामाणसं तराफ्यावर चढत नसतात. चांगुणाचं सगळं आयुष्य काठावर गेलं — बर्फ फोडायचा, मासे टोपल्यांत भरायचे, पहिल्या गाडीनं वसमतच्या बाजारात जाऊन बसायचं, माशा हाकत, गिऱ्हाइकाला कल्ले उचलून आतली लाली दाखवत. पाण्यावर जायचा तो जळबा. पाणी त्याचं, काठ तिचा. अशी वाटणी कुणी केली नव्हती, पण होती, आणि ती होती तोवर चांगुणाला असं वाटायचं की संध्याकाळी जो माणूस काठाला लागतो तोच सकाळी गेलेला असतो.

मग त्या थंडीत जाळं अडकलं. धरण झालं तेव्हा बुडालेली झाडं अजून खाली उभी आहेत, त्यांच्या खोडांना जाळी नेहमीच अडकतात. जळबा सोडवायला खाली गेला, आणि वर आला नाही. पलीकडं वसराम होता, तांड्यावरचा, वीस वर्षांपासूनचा जोडीदार. त्यानं उडी मारून केसांना धरून वर ओढला. त्याच दिवशी वसराम दारात येऊन उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही, आपल्याच पायाच्या बोटांकडं बघत बोलला.

"अडकला नव्हता वहिनी. म्या पाह्यलं ना. जाळं हातातबी नव्हतं त्याच्या."

"मंग?"

"नुस्ता होता. खालीबी न्हाई, वरबी न्हाई. लटकल्यावानी." आणि मग, फार मोठी चूक केल्यासारखं, "डोळे उघडे होते."

भाकरी वाढताना तिनं विचारलं. जळबानं मिठाकडं हात नेता नेता सांगितलं, "वर येऊ वाटलं न्हाई." मीठ कमी आहे असं सांगावं तसं. ते त्याचं शेवटचं लांब वाक्य.

काहून? — सगळ्यांनी विचारलं. भावकीनं, बचत गटातल्या बायांनी, विहारात वंदनेला आलेल्या म्हाताऱ्यांनी. पितो का? पीत नाही. कुणाशी वाद? नाही. पोरीचं काही? पोरगी नांदेडला नर्सिंग शिकतेय, बरी आहे, हुशार आहे. शेजारच्या रुख्मिणीबाईनं हळूच विचारलं, तुमच्यातच काही…? नाही हो बाई. मग काहून? आणि चांगुणाला प्रत्येक वेळी असं व्हायचं की आपणच काहीतरी लपवतोय, एखादं बरंसं कारण घरात कुठंतरी फडताळात ठेवलंय आणि आपण देत नाही. वसमतच्या डॉक्टरनं नाडी बघितली, रक्त बघितलं, सगळं बराबर आहे म्हणाला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी जळबा झोपायचा. झोपून उठला की त्याच जागी असायचा. कामाला लावा, म्हणाला डॉक्टर, घरात बसू देऊ नका.

तिनं आधी वल्हं लपवलं होतं. तो चालत पाण्यापाशी गेला आणि दिवसभर घोट्याएवढ्या पाण्यात पाय सोडून बसला. वल्हं परत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आपणही तराफ्यावर चढली. काठावरची माणसं हसली — जळबाला मालकीण भेटली! जळबा हसलाही नाही आणि उतर म्हणालाही नाही. जाळी आता घरीच असतात. दोघं नुसत्या गळावर येतात. जाळ्यासाठी खाली जावं लागतं.

ऊन डोक्यावर आलं होतं. ही वेळ रोहूची. हे तिला जळबानंच सांगितलेलं, फार मागं, तो बोलायचा तेव्हा — आणि बोलायचा तेव्हा किती बोलायचा! — की उन्हाळ्यात खालच्या पाण्यात माशाचा दम कोंडतो, वर ऊन सोसत नाही, म्हणून तो मध्ये येऊन थांबतो. तळाला टेकत नाही, वर तोंड काढत नाही. कळपच्या कळप, उघड्या पाण्यात, नुसते टांगल्यासारखे. "त्याला भूक नसती बरं का चांगुणे. तू खाली सोडली गोळी तं तो खाली जात न्हाई, वर सोडली तं वर येत न्हाई. बराबर तोंडापुढं न्यायची अन् धरून ठेवायची. हलवायची न्हाई. मंग तोंड उघडतो."

"भूक नसून?"

"सवयीनं," तो म्हणाला होता. "तोंड हाय म्हणून."

आज सकाळी तिनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून त्याच्या तोंडाशी धरला होता. त्यानं तोंड उघडलं होतं.

"आवो," ती म्हणाली. पाठ हलली नाही. "किती वाव सोडू?"

पाण्यावर एक पाणकावळा बुडी मारून गेला, कुठंतरी भलत्याच ठिकाणी निघाला. उत्तराची वाट बघण्याची तिला आता सवय झाली होती. विचारून विसरायचं, म्हणजे आलं तर वर पडल्यासारखं वाटतं.

"पाच," जळबा म्हणाला.

वाव म्हणजे दोन्ही हात फाकले की या बोटापासून त्या बोटापर्यंतची दोरी. गळाच्या वर दगड बांधलेला, तंगुसाची, पारदर्शक नायलॉनची दोरी बोटांत. तिनं हात फाकले.

एक —

दोन — हात असे फाकले की छाती उघडी पडते, वारा लागतो, कुणीतरी मिठी मारायला येतंय असं वाटतं… कुणी येत नाही, दोरी खाली जाते…

तीन, जयंतीचा निळा झेंडा, दरवर्षी खांबावर चढून जळबाच बांधायचा, खालून पोरं ओरडायची, तो वरून एक हात सोडून दाखवायचा आणि मी ओरडायची, उतरा की आता! — या वर्षी दुसरंच कुणी चढलं आणि जळबा खाली सावलीत उभा होता, मी त्याच्याकडं बघत होते आणि तो वर बघत नव्हता, आणि मला वाटलं एकदा, एकदाच त्यानं वर चढून हात सोडून दाखवावा, मी ओरडणार नाही… तीन. की चार? चार धरू. नको, चुकलं. चुकलं की पुन्हा वर ओढायची. मी हे कुणासाठी मोजतेय? गोळी भिजून सुटली असेल…

तिनं दोरी वर ओढली, नवी गोळी लावली, पुन्हा सोडली, या वेळी मोठ्यानं मोजत. पाच. मग बोटावर दोरी घेऊन बसली. हलवायची नाही. तिच्या खाली, तिला न दिसणाऱ्या पाण्यात, ते असतील — कशाचीही वाट न बघता थांबलेले. हेच तिला समजत नव्हतं. वाट बघणारा माणूस तिला समजला असता. रागावलेला समजला असता, रडणारा तर सोपा. पण ज्याला काहीच नको त्याच्यापुढं काय धरायचं? तिनं सगळं धरून बघितलं होतं. पोरीचं नाव. बोंबलाची चटणी. शेजारच्या बकरीला तीन पिल्लं झाली. एकदा तर भांडण धरून बघितलं, मुद्दाम, तोंडाला येईल ते बोलली, त्याच्या आईवरून बोलली. त्यानं ऐकून घेतलं आणि उठून तिला माठातलं पाणी आणून दिलं. त्या पाण्याच्या पेल्यानं ती जेवढी भ्याली तेवढी वसरामच्या सांगण्यानं भ्याली नव्हती.

पदरातल्या पिशवीत फोन थरथरला. दीक्षा.

"मम्मी, जेवली का? आवाज कसा येतोय, कुठंय तू?"

"हितंच. काठाला."

"पप्पा?"

"हायेत की. बाजूलाच."

"बोलले का आज?"

"बोलले ना."

"काय बोलले?"

चांगुणानं पाठीकडं पाहिलं. शर्टावर खांद्यापाशी घामाच्या मिठाचे पांढरे कडे वाळले होते. "म्हणले… ऊन लई हाये. म्हणले दीक्षाला सांग, टोपी घालून जात जा कालेजला."

पलीकडं दीक्षा हसली. "टोपी? मी काय क्रिकेट खेळायला जाते काय! दे ना त्यांना फोन."

"हात भरलेत त्यांचे. पीठ हाये हाताला."

"बरं. त्यांना म्हण घालते टोपी."

फोन ठेवला. पीठ चांगुणाच्याच हाताला होतं, फोनवरही लागलं. गेले कित्येक दिवस ती जळबाच्या तोंडची वाक्यं करत होती — रोज एक, फार मोठं नाही, पटेल असं — आणि ती इतकी त्याची वाटायची की दोन दिवसांनी तिला स्वतःलाच आठवायचं नाही, हे खरं बोलला होता की आपण बोलवलं. पोरीला ती बुडीची गोष्ट माहीत नव्हती. पप्पा जरा गप्प असतात, एवढंच. त्या 'जरा'वर चांगुणा रोज थोडं पीठ लावायची.

लाट आली, तराफा हलला. पण तो जळबा नव्हता, बाहेरून होतं. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून, दोन्ही हातांत फळ्या घेऊन पाणी मारत वसराम येत होता.

"लागलं का काही, वहिनी?"

"कशाचं लागतंय! पाच वाव सोडलं, बराबर हितंच."

"कुणाचे पाच?"

"कुणाचे म्हंजे?"

"तुमच्याच हातानं मोजले ना?" वसरामनं फळ्या मांडीवर ठेवल्या. "आता भाऊचा हात पाहा अन् तुमचा पाहा. भाऊचे पाच म्हंजे तुमचे सहाच्या जवळ जाते. तुमची गोळी त्यायच्या डोक्यावर लोंबून राहिली वहिनी. मासे म्हणत असतील, ह्यो पिवळा चांद काहून उगवला भर दुपारचा!"

चांगुणाला हसू आलं, या वेळी तोंडापर्यंत आलं, सगळा तराफा हलला. आणि त्या हलण्यात तिच्या लक्षात आलं की दुसरी बाजू हसत नाहीये. ती नुसती हलवली जातेय.

"जळबा, अरे वीस वरीस पाण्यावर काढले, बायकोला येवढंबी शिकवलं न्हाई व्हय?" वसराम पाठीला म्हणाला. "बोल की. का तूच गोळी धरून बसला तोंडात?"

पाठ तशीच. वसरामचं हसू थोडा वेळ त्याच्या तोंडावर राहिलं, मग काय करावं न कळून उतरलं. त्यानं फळ्या उचलल्या.

"येतो मंग. म्या खडकाकडं हाये," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "हाक मारली तं ऐकू येतंय."

खडकाकडं मासे नसतात. तिला माहीत होतं, त्यालाही. तरी तो रोज खडकाकडंच असायचा.

तर इतके दिवस ती चुकीच्या पाण्यात धरून बसत होती. बोल त्याचे घेतले आणि हात स्वतःचे लावले. त्याच्या पाचांत आणि तिच्या पाचांत एवढं पाणी होतं — ती बघत राहिली. पाण्यात काहीच दिसत नव्हतं.

मग ती गुडघ्यांवर सरकत तराफ्याच्या मध्यावर गेली. तिची बाजू हलकी झाली, जळबाचं टोक थोडं खाली गेलं.

"आवो. हात करा."

त्यानं मान वळवली.

"दोन्ही. असे. वाव घ्यायची तुमची."

आणि त्यानं केले. दोन्ही हात बाजूला, सरळ, तळवे खाली. शिंप्याकडं माप द्यायला उभं केलेल्या पोरासारखे. तिनं दोरीचं टोक त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला लावलं, छातीवरून ओढत डावीकडं नेलं, तिथं चिमटीत धरलं, पुन्हा उजवीकडं. एक. शर्टाला घाम आणि रॉकेलसारखा काहीतरी वास. दोन. दोरी छातीवरून जाताना तिचा हात त्याच्या बरगडीला लागायचा, आणि आत ठोका पडायचा, पुन्हा पडायचा — बराबर, डॉक्टर म्हणाला होता तसं सगळं बराबर. तीन. इतक्या जवळून तिनं त्याला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. दाढीतले पांढरे केस वाढले होते. तो तिच्या डोक्यावरून कुठंतरी बघत होता, आणि तिला वाटलं आत्ता काहीतरी म्हणावं, याच अंतरावर, हलू न देता… काय म्हणावं? चार. पाच. तिनं तिथं दोरीला गाठ मारली.

"झालं," ती म्हणाली.

हात तसेच होते.

"झालं की वो. घ्या खाली."

उन्हात, पाण्याच्या मध्यावर, हात पसरून तो बसला होता, आणि हातांना खाली यायचं कारण नव्हतं. चांगुणानं आधी उजवा हात धरला, कोपरातून वाकवला, मांडीवर ठेवला. मग डावा. तो जड नव्हता, अडलाही नाही. ठेवला तिथं राहिला.

ती आपल्या टोकाला परत आली. रडू येईल असं वाटलं होतं, पण गोळी करायची होती. पीठ, पेंड, चिमूटभर हळद. गळ झाकला. दोरी सोडली, गाठ बोटाशी येईपर्यंत. तंगूस उन्हात दिसतच नव्हतं, नुसती गाठ दिसत होती. ती त्याच्याकडं तोंड करून बसायची नेहमी. आज दोरी तराफ्याच्या या अंगानं उतरली होती म्हणून तिला वळावं लागलं. बुडाखाली तो होताच. शांत. ठेवला तसा.

किती वेळ गेला.

बोटाला कुणीतरी विचारल्यासारखं झालं. टोचलं नाही, ओढलं नाही — दोरीत जीव आला, एवढंच. चांगुणानं श्वास धरला. पुन्हा. मग बोट एकदम खाली गेलं, दोरी तळव्यात शिरली, कापत. तिनं दुसरा हात घातला, आणि खाली, तिच्या पाच वावांत नाही, त्याच्या पाच वावांत, काहीतरी मोठं जागं झालं आणि निघालं. ती ओढू लागली. मासाही ओढू लागला. तळहात पेटला. तिनं दात आवळले, मागं रेलली, सगळा जीव दोन हातांत आला — इतका, की तिला ऊन राहिलं नाही, पाणी राहिलं नाही, दीक्षा नाही, वसराम नाही, आणि…

"ढील दे."

हलकेच. मागून.

तिनं ढील दिली. हातांनी दिली, तिच्याआधी. दोरी सरसर गेली, थांबली, आणि ताठ होऊन राहिली. मासा आता ओढत नव्हता. येतही नव्हता. खाली कुठंतरी, गळ तोंडात घेऊन, उभा होता.

आणि तेव्हा तिला कळलं की मघापासून, किती वेळ कोण जाणे, ती जळबाजवळ नव्हती. डोळ्यांनी नव्हतीच, बुडानंही नव्हती. एवढ्या दिवसांची राखण, आणि एका माशानं ती पुसून टाकली. तेवढ्यात काहीही होऊ शकलं असतं. मग झालं का नाही? त्याला सुचलं नाही म्हणून, की नको वाटलं म्हणून, की ती राखत होती तेव्हाही हे असंच होतं — तो राहत होता म्हणून राहत होता, आणि तिचं बघणं नुसतं वर लोंबत होतं?

आणि 'ढील दे' कोण म्हणालं? आवाज त्याचा होता. पण त्याचा आवाज तिच्याकडंही होता, रोज दीक्षाला द्यायची तोच; आणि फार मागं, काठावर शिकवताना, अगदी याच शब्दांत, याच हळू स्वरात तो म्हणाला होता. वळून बघितलं असतं तर कळलं असतं. दोन्ही हातांत दोरी होती. वळायला एक हात सुटला तरी चाललं असतं.

ती वळली नाही.

ताठ दोरीवरून पाण्याचा एक थेंब खाली उतरत गेला. पाठीमागं बांबूची कामटी करकरली. तिच्याखालची बाजू हळूच वर आली, थांबली, आणि मग, अगदी सावकाश, एका अंगाला कलू लागली. तो उठत होता, किंवा पुढं सरकत होता, तिच्याकडं नाहीतर पलीकडं, बुडाला ते सांगता येईना. हाक मारली तर वसरामला ऐकू येतं. चांगुणानं तोंड उघडलं, आणि तसंच राहू दिलं. भीती होती, पण ती तिला नेहमीच्या जागी सापडेना. तिथं नुसती एक थकलेली, रिकामी, बरीशी जागा होती, आणि तिथं बसून ती पहिल्यांदाच त्याच्यावर नजर न ठेवता त्याची वाट बघत होती. दोरी दोन्ही हातांत ताठ होती.

चांगुणाला पोहता येत नाही. जळबाला हे लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे.